बाज्याखाली दडलेली ओळ

चांगदेव घरतची गाणी ज्यांनी ऐकली आहेत त्यांना एक गोष्ट नेहमी कोड्यात टाकते. एकोणपन्नास साली त्याची पहिली तबकडी आली आणि कुलाबा जिल्ह्यात असा एक हॉटेलवाला उरला नाही ज्याच्या फोनोवर ती वाजली नाही. लोक म्हणाले, आता या माणसाला थांबवणं कठीण. आणि हा पठ्ठ्या आपला आपणच थांबला. पुढली आठ वर्षं त्याने एक गाणं केलं नाही. सिनेमाच्या पडद्यामागे जाऊन बसला, जिथं संगीत असतं पण शब्द नसतात, आणि मग सत्तावन्नच्या उन्हाळ्यानंतर पुन्हा गाणी करायला लागला. कंपनीवाले म्हणत, कलावंताची लहर. लहर कसली डोंबलाची! माणूस आठ वर्षं घाबरलेला होता.

त्याचं गाव खाराळे, रेवदंड्याच्या खाडीकाठचं. पुढं मिठागर, मागं भाताची खाचरं आणि मधल्या बांधावर साठ-सत्तर आगऱ्यांची घरं. चांगदेवचा बाप दादू खालूबाजा वाजवायचा. सनई, ढोल, टिमकी आणि झांज, एवढ्या सामानावर तो पंचक्रोशीतली लग्नं गाजवायचा. चांगदेव सहाव्या वर्षी टिमकीला बसला आणि बाराव्या वर्षी त्याने बापाच्या हातातली सनई घेतली. त्याची थोरली बहीण ठमाबाई त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. ती धवलारीण होती.

त्या काळात आगऱ्यांचं लग्न भटजीवाचून अडत नसे, धवलारणीवाचून अडे. ती धवले गाते आणि त्या गाण्यांनीच लग्न लागतं. हळदीचा धवला वेगळा, मांडवाचा वेगळा आणि नवरा-नवरीच्या डोक्यावर शाल धरतात तेव्हाचा वेगळा. खाराळ्यात या शेवटच्या धवल्याची एक रीत होती. त्याची अखेरची ओळ धवलारीण गायची खरी, पण ती ओळ सुरू होताच बाजा एवढा कडाडून वाजायचा की कुणाच्याच कानी काही पडू नये. ओळ धवलारणीच्या गळ्यात, तिच्यानंतर जिला ती शिकवील तिच्या गळ्यात, बस. भात सडताना, लावणीच्या वेळी बायका हा धवला गुणगुणायच्या, तेव्हा अखेरची ओळ सोडून द्यायच्या. त्यांना ती ठाऊकच नसायची म्हणा. ठमाबाईला ठाऊक होती, तरी मांडवाबाहेर तीही सोडायची. धवला पुरा झाला की लग्न पुरं झालं. मांडव नाही, नवरा नाही आणि धवला पुरा, हे कुणाच्या नशिबी यावं?

चांगदेव मुंबईला गेला तो सत्तेचाळीस साली, झेंडा लागला त्याच महिन्यात. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरला तेव्हा बगलेत सनई होती. दोन वर्षं त्याने लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकलं, एका बंगाली बाबूकडून पेटी शिकून घेतली आणि एका ग्रामोफोन कंपनीत चाली द्यायचं काम पटकावलं. साहेबाला काहीतरी नवं हवं होतं. चांगदेवला आठवला तो शालीखालचा धवला.

ठमाबाईने आधी साफ नाही म्हटलं. मग भाऊ चार दिवस उंबऱ्यात बसून राहिला तेव्हा विरघळली. तिने तो धवला आपल्या बारा वर्षांच्या लेकीला, कोकिळेला, घटवून दिला. पोर गोड गायची. अट एकच घातली.

"शेवटची ओळ माझ्या गळ्यात हाय, ती तितंच ऱ्हाऊं दे. पोरीच्या तोंडी ती यायची न्हाय."

चांगदेवने तिच्या पायांना हात लावून शब्द दिला.

तो शब्द मुंबईत तीन मिनिटांत मोडला. अक्षरशः तीन मिनिटांत, कारण तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावतं. "आली गो भरती, दाराशी लागली" असा तो धवला चढत जायचा आणि जिथं उतरायला हवा तिथंच तुटायचा. साहेबाने दोनदा ऐकलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाला की गाणं संपलेलं वाटत नाही, आज संपवून दे, नाहीतर उद्या दुसऱ्याचं घेऊ. बाहेर दुसरा खरंच बसला होता. चांगदेवने डोळे मिटले. टिमकी मांडीत धरून बसलेला आपण, समोर शाल, शालीपाशी बहिणीचे हलणारे ओठ, असं सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं आणि त्या गोंगाटातून ओळ वर आली. ऐकलेलीच होती की! इतकी वर्षं कुठं बसून होती कोण जाणे. त्याने ती कोकिळेच्या कानात सांगितली आणि पोरीने मामाच्या शब्दावर विश्वास ठेवून गायली.

"परतून बघू नको बाय, मागं बापाचा मांडव."

साहेब खूश झाला. ती ओळच लोकांच्या जिभेवर बसली.

दिवाळीला चांगदेव तबकडी घेऊन गावी आला, आणि त्याच्या बाजूने एवढं म्हणता येईल की त्याने लपवाछपवी केली नाही. बहिणीला सांगितलं की शेवटची ओळ घातली, कंपनीवाल्यांनी ऐकलं नाही. ठमाबाई भाकऱ्या थापत होती. हात थांबवून तिने विचारलं, कुठली ओळ? तुझीच, तो म्हणाला, टिमकीवर बसून ऐकली होती. तिने पुढचं काही विचारलं नाही. हात धुतले, तबकडी फडक्यात नीट गुंडाळली आणि परत त्याच्या हातात दिली. मग लेकीला जवळ बोलावून सांगितलं की ती ओळ पुन्हा तोंडातून काढलीस तर मी तुझी आई नाही.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने बोलणंच टाकलं. रेवदंड्याच्या बाजारात हॉटेलवर तबकडी लागली की ठमाबाई रस्ता सोडून खाडीच्या बांधाने जायची, लांब पडलं तरी. गावातल्या बायका ती समोर दिसली की गुणगुणणं गिळायच्या. तिने ती तबकडी एकदाही ऐकली नाही.

चांगदेवने आणखी एक-दोन चाली लावून पाहिल्या. पण पेटीवर बोट ठेवलं की वाटायचं, हेही कुणाचं तरी उचललेलंच असणार. आपल्या डोक्यात जे येतं ते आपलं कशावरून? एकदा चोर ठरलेल्या माणसाला स्वतःच्या खिशातली वस्तूही परक्याची वाटते. शेवटी त्याने गाणीच सोडली आणि सिनेमाच्या पार्श्वसंगीतात शिरला.

तिथं तो रमला असं नाही म्हणता येणार, पण नाव काढलं. ते काम असं: मोठ्या दालनात पडद्यावर सिनेमा लावायचा, आवाज बंद. समोर पन्नास वाजंत्री. नायिकेने मान वळवली की व्हायोलिनं उठायला हवीत, दार आपटलं की ढोल. चांगदेव हातात सेकंदाचं घड्याळ धरून मुका पडदा बघत राहायचा. वर्षानुवर्षं बघून बघून त्याला ओठ वाचता यायला लागले. पडद्यावर कोण काय बोलतंय हे तो कागद न बघता सांगायचा आणि वाजंत्री त्याची परीक्षा घ्यायचे. प, ब, म आले की ओठ मिटलेच पाहिजेत, तो सांगायचा, माणूस कितीही खोटारडा असो, तिथं त्याला लपवता येत नाही.

इकडे कोकिळा वाढत होती. पंधराव्या वर्षी पहिलं स्थळ आलं, गोडधोड खाऊन गेलं आणि निरोप आला की नको. सोळाव्या वर्षी दुसरं. कारण कुणी तोंडावर सांगत नव्हतं, पण गावाची कुजबुज ठमाबाईच्या दारापर्यंत आली. पोरीवर धवला पुरा झालाय. मांडवावाचून, नवऱ्यावाचून. तिचं लग्न कुणाशी लागलं ते देवाला ठाऊक, आता पुन्हा कसं लावायचं? आणि नुसता एकदा झाला असता तर गोष्ट वेगळी, तो तर प्रत्येक हॉटेलात रोज होत होता. कोकिळेला विशी लागली. तिच्या बरोबरीच्या पोरी दोन-दोन लेकरांच्या आया झाल्या होत्या. ती मिठागरावर बापाला भाकर घेऊन जायची, मान खाली घालून यायची आणि गाणं तर तिने केव्हाच टाकलं होतं.

सत्तावन्नच्या चैत्रात खाडीपलीकडच्या साळावचं स्थळ आलं. मुलगा हिरामण मुंबईच्या गोदीत कामाला होता. त्याने कोकिळेला जत्रेत पाहिलं होतं आणि तो हट्टाला पेटला होता. बाप काळूराम मात्र रीतीभातीचा माणूस. त्याने सांगितलं की मला पोर पसंत आहे, पण ही गोष्ट चार माणसांत निकाली लागल्याशिवाय मी टिळा लावणार नाही. खाराळ्याचा पाटील येसाजी याने तोड काढली. ती ओळ खरी की नाही हे सांगणारं माणूस जगात एकच आहे. ठमाबाईने हातात हळद घेऊन तबकडी ऐकावी आणि सांगावं. ओळ धवल्यातली निघाली तर पोर लग्न झालेली धरायची, नाही निघाली तर कोरी, प्रश्न मिटला.

आई लेकीसाठी खोटं बोलेल असं कुणाच्या मनात आलं नाही. हळद हातात घेऊन धवलारीण खोटं बोलली तर मांडवात तिचा गळा मिटतो, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या मानत आलं होतं, आणि ठमाबाई तर सगळ्यांत आधी मानत होती.

निरोप पोचला तेव्हा चांगदेवचं एका सिनेमाचं काम निम्म्यावर होतं. ते तसंच टाकून त्याने लाँच पकडली. रेवसपर्यंत त्याच्या डोक्यात एकच हिशेब. खरं बाहेर पडलं की पोरीचं आयुष्य संपलं, आणि ते संपवणारा मी. बहीण खोटं बोलणार नाही. म्हणून आपणच बोलायचं.

गावदेवीच्या देवळापुढं सकाळीच माणसं जमली होती. मधोमध घोंगडीवर रेवदंड्याच्या हॉटेलातून आणलेला चावीचा फोनो. एका बाजूला काळूराम आणि त्याची माणसं. ठमाबाई पायरीवर बसलेली, उजव्या मुठीत हळद. कोकिळा देवळाच्या खांबाआड उभी होती आणि तिची फक्त बोटं खांबावर दिसत होती. आठ वर्षांत चांगदेवला बहिणीच्या एवढ्या जवळ उभं राहायला मिळालं नव्हतं. तिचे केस पांढरे झालेले त्याने तेव्हा पाहिले.

येसाजी चावी द्यायला वाकला तसा चांगदेव पुढं झाला आणि म्हणाला की तबकडी लावायची गरज नाही.

"ती ओळ धवल्यातली न्हाय. मीच रचली."

मग काळूराम हसला. त्यात कुत्सितपणाही नव्हता, बिचाऱ्याला खरंच वाईट वाटलं असावं. तो म्हणाला की बाबा, टिमकीवर बसून ऐकली हे तूच बहिणीला सांगितलंस, साऱ्या मुलखाला ठाऊक आहे, आता भाचीसाठी बोलतोस ते कळतं, पण बस खाली. माणसांनी माना डोलावल्या. चांगदेव खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा पंचांपुढं खोटं बोललो आणि तेही कुणी घेतलं नाही, असं त्याला वाटलं.

सुई टेकली. आधी नुसती खरखर, मग सनई, ती त्याचीच, आणि मग बारा वर्षांच्या कोकिळेचा आवाज देवळापुढं उभा राहिला. खांबावरची बोटं आवळली. ठमाबाई डोळे मिटून ऐकत होती. भरती दाराशी लागली, हळद चढली, शाल आली. चांगदेव घड्याळ नसतानाही सेकंद मोजत होता, दोन मिनिटं चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. ओळ आली आणि गेली. येसाजीने सुई उचलली.

ठमाबाईने डोळे उघडले नाहीत. मूठ तशीच. तिने एवढंच म्हटलं की परत लावा.

परत लावली. या खेपेला ओळ संपल्यावर तिने चांगदेवकडे पाहिलं. कसं पाहिलं ते त्याला सांगता येईना. रागाने नाही, मायेनेही नाही, वाटेत अनोळखी माणूस भेटावा तसं. मग मूठ उघडून हळद सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"ही माझी ओळ न्हाय. हिचा धवल्याशी काय बी संबंध न्हाय. पोर माझी कोरी हाय."

काळूरामने उठून तिच्या पायांना हात लावला आणि लग्न ठरलं.

सगळ्या गावात एकच माणूस हबकून बसला होता. चांगदेवची खात्री पटली की बहीण आपल्यामुळे खोटं बोलली. आपण खोटं मांडलं आणि तिने ते उचलून धरलं, हातात हळद असताना. आता मांडवात तिचा गळा मिटणार. मुंबईत राहून त्याने असल्या गोष्टी सोडल्या होत्या म्हणे. सोडल्या होत्या तर त्याला आठ दिवस अन्न का गोड लागलं नाही? त्यात ठमाबाईने निरोप पाठवला की बाज्यातल्या सनईवाल्याला दम पुरत नाही, तर तूच बस. समोरासमोर ती अजून एक शब्द बोलली नव्हती.

लग्नाच्या दिवशी तो बापाच्या जागी बसला. हळदीचा धवला नीट झाला. मांडवाच्या धवल्याला ठमाबाईचा आवाज एकदा चिरकला, तिने पाणी मागितलं, आणि चांगदेवच्या हातातली सनई घामाने निसटायला लागली. काळूरामकडच्या दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहून घेत होत्या. लेक चाललीय, आईचा गळा दाटणारच, असं कुणीतरी मोठ्याने म्हटलं, पण ते कुणाला पटलेलं दिसेना. ठमाबाई पाण्याचे दोन घोट घेऊन पुन्हा उभी राहिली.

नवरा-नवरीच्या डोक्यावर शाल धरली. शेवटचा धवला सुरू झाला. भरती दाराशी लागली, हळद चढली, शाल आली, आणि जिथं तबकडीवर त्याची ओळ लागली होती त्या जागी येऊन ठमाबाईने बाज्याकडे मान हलवली. ढोल कडाडला, झांज उठली. आता चांगदेवने नुसता श्वास रोखला असता तर एक सूर कमी झाला असता आणि कदाचित दोन शब्द कानी पडले असते. त्याला तो मोह झाला, हे कबूल करायला हवं. पण सनईचं काम ओळ झाकण्याचं होतं आणि एकदा त्याने ती उघडी केली होती. गाल फुगवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो फुंकत राहिला.

डोळे मात्र उघडे होते. ठमाबाईचा चेहरा चार हातांवर, शालीच्या कडेला, आणि तिचे ओठ हलत होते. गळा मिटला नव्हता. मानेची शीर ताठ होती, ती पूर्ण आवाजात गात होती. आणि मुका पडदा बघण्यात आठ वर्षं घालवलेल्या त्या माणसाने सवयीने ते ओठ वाचायला घेतले. परतून, बघू, बाय, मागं, बापाचा, मांडव. सात वेळा ओठ मिटायला हवे होते.

ते एकदाही मिटले नाहीत.

चांगदेवने तिच्या ओठांवरून नजर काढली नाही. ओळ लांब होती, त्याच्या ओळीहून लांब, शेवटी तिचं तोंड उघडंच राहिलं आणि ती थांबली. शाल खाली आली. अक्षता पडल्या. तो वाजवतच राहिला. ढोलवाल्याने कोपराने ढोसलं तेव्हा त्याने सनई खाली केली.

म्हणजे टिमकीवरच्या पोराने काहीच ऐकलं नव्हतं. ऐकणार कसं? कानठळ्या बसवणारा बाजा तोच तर वाजवत होता. साहेबापुढं डोळे मिटले तेव्हा जी ओळ वर आली ती कुणाचीच नव्हती, त्याची होती. आणि पंचांपुढं खोटं म्हणून जे बोलला ते आयुष्यातलं सगळ्यांत खरं बोलणं होतं.

वरात खाडीवर आली. होडीत काळूरामची माणसं चढली, हिरामण चढला, कोकिळेला हात देऊन चढवलं. धक्क्यावर बायका रडत होत्या. ठमाबाई चांगदेवच्या शेजारी येऊन उभी राहिली. त्याने होडीकडेच बघत विचारलं की आठ वर्षांत एकदा तरी का ऐकली नाहीस. एकदा ऐकली असतीस तर.

"तू सांगितलंस न्हवं, घातली म्हून," ती म्हणाली. "माझा भाऊ खोटं बोलंल असं मना कदी वाटलंच न्हाय."

नावाड्याने बांबू रोवला आणि होडी सुटली. ठमाबाईने पदराने नाक पुसलं.

"चांगली हाय तुजी ओळ," ती म्हणाली. "वाजव आता."

चांगदेवने सनई ओठांना लावली आणि आठ वर्षांनी पहिल्यांदा ती ओळ वाजवली. परतून बघू नको बाय. पाणी ओलांडून सूर होडीपर्यंत गेला. कोकिळेने तो ओळखला. ती ओळ तिच्याइतकी कुणालाच पाठ नव्हती, आणि तरी साळावचा काठ लागेपर्यंत ती परतून बघत होती.